पाठीवरचा नंबर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या लोणावळ्यात पावसाळाभर कपाटात ठेवलेल्या बुटांवर जशी आपोआप बुरशी चढते, तसे ते माणसावर चढतात. पुसून काढले तरी पुन्हा हजर! त्यातून तुम्ही शाळांच्या सामन्यांचे पंच असाल, तर विचारूच नका. खेळाडू खेळून घरी जातात, बघे शेंगा खाऊन घरी जातात, आणि जे काही मागं उरतं ते पंचाच्या डोक्यात घर करून बसतं.

आम्ही तिघं होतो. दामले मास्तर मुख्य पंच. हायस्कुलात ड्रिल शिकवायचे, उभे राहिले की खांबासारखे. शेखमास्तर रेल्वेवाल्यांच्या वस्तीतल्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि सामन्याला गुण लिहायचे. मी सगळ्यांत धाकटा. घड्याळ हातात धरून 'वेळ संपली' म्हणून ओरडायचं, एवढंच माझं काम.

लढाईची वर्षं होती. साखर मिळत नव्हती, रॉकेल मिळत नव्हतं, कापडासाठी रांगा लागत होत्या, आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे बास्केटबॉल आला! मुंबईहून बदलून आलेल्या एका हेडमास्तरांनी जुन्या पिंपांच्या कड्या दोन खांबांना ठोकल्या आणि धरणाच्या अंगाला असलेल्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. झालं! मावळातल्या चार-सहा शाळा एकमेकींशी खेळू लागल्या.

दामले मास्तरांचा जीव मात्र खेळात नव्हता, पोशाखात होता. शर्ट चड्डीत खोचलेला हवा. सगळ्या संघाचा रंग एक हवा. पाठीवर वीतभर उंच नंबर हवा, आणि एका संघात एक नंबर दोघांना असता कामा नये. अंगावर दागिना, ताईत, कडं काही म्हणता काही नको.

"पोरानं नाव, गाव, जात सगळं घरी ठेवून यायचं," ते म्हणायचे. "इथं फक्त नंबर!"

मला हा माणूस सुरुवातीला हेकट वाटायचा. तसा नंतरही वाटायचा, पण त्यात फरक होता. तो कसा ते पुढं येईलच.

*

देहूरोडचा संघ पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हाची गोष्ट. तिथं तेव्हा लष्कराचे डेपो नव्यानं झालेले. पोरांच्या शाळेला कुणीतरी मेहेरबानीनं खाकी कापड दिलेलं. सगळा संघ नखशिखांत खाकी, पाठीवर पांढरे नंबर. दामले मास्तर एकेकाला वळवून बघत होते आणि खूश होत होते. "याला म्हणतात पोशाख!"

सामना सुरू झाला आणि धरणाच्या बाजूनं धुकं आलं. आमचं धुकं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ते येत नाही, ते आत शिरतं. बघता बघता खांब गेले, बघे गेले, आणि खाकी शर्टसुद्धा गेले. उरले फक्त पांढरे नंबर. हवेत चार धावतोय, सात उडी मारतोय, पाच खाली पडतोय आणि उठतोय. पाय नाहीत, डोकी नाहीत.

मास्तर शांतपणे शिट्ट्या मारत होते. त्यांचं सगळं नियमात चाललं होतं!

मध्यंतराला शेखमास्तर माझ्या कानाशी लागले. "चार नंबरनं गोल केले ते मी लिहिलेत. पण चार नंबरच्या आत कोण होतं, ते मला विचारू नका, भाई."

मी हसलो. नंतर धुकं निवळलं आणि देहूरोडची पोरं एका बाकावर ओळीनं बसलेली दिसली. चार नंबरचा पोरगा पाय मुरगळला म्हणून पहिल्यापासून तिथंच बसून होता म्हणे. त्यांच्या मास्तरांनी तसं सांगितलं. दामले मास्तरांनी पुढं होऊन त्याचा शर्ट चाचपला. शर्ट कोरडा होता. मास्तरांनी पोराचा शर्ट तेवढा नीट खोचून दिला.

*

दुसरी भानगड शर्टांचीच. कामशेतचा संघ जिंकून, आनंदानं नाचून झाला आणि त्यांनी आपले घामेजलेले शर्ट शाळेमागच्या तारेवर वाळत टाकले. गाडीला वेळ होता. मी सहज तिकडे गेलो तर दामले मास्तर तारेसमोर हाताची घडी घालून उभे.

"कॅप्टन!" त्यांनी हाक मारली. "तुमचे खेळाडू किती?"

"पाच, सर. सहावा आणलाच न्हाई. त्याला शर्टच न्हवता, कापड मिळालं न्हाई."

"मग तारेवर सहा शर्ट कसे?"

कॅप्टननं बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. सहावा शर्ट त्याच रंगाचा, त्याच टाक्यांचा होता. फक्त त्याच्या पाठीवरचा नंबर उसवून काढलेला, आणि जिथं तो होता तिथलं कापड जरा गडद. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तो शर्ट कुणीच ओळखेना.

शेखमास्तरांनी त्याची बाही चिमटीत धरून पिळली. बाहीतून पाणी गळलं. मग ते म्हणाले, "मास्तर, घाम तर खरा आहे!"

दामले मास्तरांना एकाच गोष्टीचा राग आला होता. "खेळला तर खेळला," ते तणतणत होते, "पण बिननंबराचा खेळला!"

*

आता ताइतांचा डबा. मास्तरांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला होता. सामन्याआधी सगळ्या पोरांनी आपापले ताईत, गंडे, कडी त्यात काढून ठेवायची आणि सामना संपला की परत घ्यायची. मावळातल्या पोरांच्या अंगावर काय कमी असतं? दंडात, गळ्यात, कमरेला! आंदर मावळातून आलेला एक संघ तर डबा भरूनच टाकायचा.

डबा शेखमास्तरांच्या टेबलावर असायचा. ते म्हणायचे की सामना रंगात आला की डबा गरम होतो. आम्ही त्यांची टिंगल करायचो. एकदा मी मुद्दाम हात लावून बघितला. उन्हं नव्हती. पुन्हा काही मी त्यांची टिंगल केली नाही.

एकदा घाईगर्दीत लक्ष्मण आणि बबन या दोघांच्या ताइतांची अदलाबदल झाली. लक्ष्मणाचा ताईत झोपेत दचकू नये म्हणून बांधलेला, बबनचा परीक्षेसाठी. पुढच्या सामन्याला बबन आला तो टवटवीत. "सर, झोप लय झ्याक लागती. पर गणितात भोपळा मिळाला!"

आम्ही हसलो. लक्ष्मण मात्र हसला नाही. डोळे खोल गेलेले. तो म्हणाला, "सर, मला रोज सपनात एक म्हातारा दिसतो. हातात पाटी आसती. म्हनतो, बबन्या, पाढे म्हन."

बबनचा चेहरा उतरला. त्याचा आजा गावातल्या शाळेत पंतोजी होता. वारून बरीच वर्षं झाली होती.

दामले मास्तरांनी दोघांना मध्यरेषेवर समोरासमोर उभं केलं, शिट्टी वाजवली आणि ताइतांची रीतसर अदलाबदल करवली. मग लक्ष्मणाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "पाढे कुठपर्यंत झाले होते?"

*

हे सगळं मी हसत सांगतोय, पण आता हसणं जरा बाजूला ठेवतो.

आंदर मावळातून दगडू नावाचा एक पोरगा आमच्या हायस्कुलात आला. लोणावळ्यात मामाकडे राहायचा. काटक, चपळ, आणि चेंडू हातात आला की सोडायचाच नाही. त्याला नऊ नंबर मिळाला. पहिल्याच सामन्याला दामले मास्तरांनी त्याला रांगेतून बाहेर काढलं. पोराच्या नाकात चांदीची बारीक कडी होती.

"ही काढ."

दगडू जागचा हलेना. तेवढ्यात बघ्यांतून एक बाई पदर सावरत धावत आली. त्याची आई, सखूबाई. ती मैलोन् मैल चालत सामना बघायला आली होती. खरं तर सामना नव्हे, पोराला बघायला.

"मास्तर, पाया पडते, त्येवढी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्येच्या आदी दोन गेलं माजं. दोनी चांगली धडधाकट हुती. म्हनून ह्येचं नाव दगडू ठिवलं, नाक टोचलं. न्यायला येनाऱ्याला वाटावं, ही पोरगी हाय, ह्यो दगूड हाय. कडी काढली तर ह्यो वळखू येईल."

ही रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. मूल जगत नसलं की त्याला लपवायचं. धोंडू म्हणायचं, केरू म्हणायचं, नाक टोचायचं. शिकलेली माणसं हसतात. मीही इतर वेळी हसलो असतो, पण त्या बाईनं पोराचा दंड असा घट्ट धरला होता की माझ्याच्यानं हसवेना.

दामले मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, आता नियम वाचून दाखवणार आणि पोराला बाहेर बसवणार. त्याऐवजी ते पाचही पोरांना म्हणाले, "मैदानाच्या त्या टोकाला जा. पाठ करून उभे राहा."

पोरं गेली. धुकं होतंच. पाच पांढरे शर्ट, पाच काळ्या चड्ड्या, एकाच मापाच्या हजामती.

"बाई, यातला तुमचा कुठला?"

सखूबाईनं डोळे बारीक केले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा नंबराचाही उपयोग नव्हता. बराच वेळ ती बघत राहिली आणि मग तिनं हळूहळू मान हलवली.

"तुम्ही आई असून तुम्हाला ओळखता येईना," मास्तर म्हणाले. "मग येणाऱ्याला कसा सापडेल? तुमच्या कडीपेक्षा माझा पोशाख घट्ट आहे, बाई. खेळ चालू असेपर्यंत पोरगा माझ्याकडे."

सखूबाईनं स्वतःच्या हातानं कडी काढली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती शिट्टीच्या दोरीत ओवली. दरेक सामन्याला हे असंच चालायचं. सामना संपला की कडी परत पोराच्या नाकात. त्या दिवसापासून पोशाख तपासताना मास्तरांचा आवाज जरा जास्तच चढायचा, आणि तो का चढतो ते आम्हाला दोघांना कळायचं.

*

मग तो आला.

दिवसाढवळ्या आला. पावसाळा सरत आलेला, भुरभुर चालू. मध्यंतर झालं होतं. धोतर, अंगरखा, डोक्यावर घोंगडी, पायांत वहाणा. वय सांगता यायचं नाही. कुणाच्याही लग्नात कोपऱ्यात बसलेला असतो ना, तसला माणूस. तो सरळ चुन्याच्या रेघेवरून आत आला.

"मैदानात वहाणा चालत नाहीत!" दामले मास्तर गरजले.

तो थबकला. त्यानं निमूटपणे वहाणा काढून हातात घेतल्या. तेव्हा माझं लक्ष गेलं. आम्ही सगळे भिजून चिंब झालो होतो आणि त्याच्या घोंगडीवर एक थेंबसुद्धा नव्हता.

"राम राम मास्तर. दगडू कुटला ह्यातला?"

"कोण तुम्ही?"

"पाव्हना हाय त्येचा."

मास्तरांनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जसं खेळाडूला न्याहाळायचे. त्यांची नजर कोरड्या घोंगडीवर थांबली. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नंबर सांगा."

"नंबर ठावं न्हाई. नाव सांगतो की."

"नावानं इथं कुणालाही बोलवत नाहीत. नंबर सांगा, नाहीतर रेघेबाहेर व्हा."

त्यानं पोरांकडे बघितलं. पोरं पाणी पीत होती, सगळी सारखी, सगळी पाठमोरी. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकीच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसासारखा तो गोंधळला होता. "नंबर इचारून येतो," एवढं म्हणून तो वहाणा हातात घेऊन धुक्यात गेला.

मी वळलो तर सखूबाई खाली बसलेली. पदराचा बोळा तोंडात. शेखमास्तरांनी तिला पाणी दिलं.

"थोरल्याच्या वक्ताला ह्योच आलता," ती म्हणाली. "दारात हुभा ऱ्हाऊन नाव इचारलं. मला काय ठावं? मी सांगितलं. दुसऱ्याच्या वक्ताला मी दाराची कडी लावून घेतली, तर शेजारनीनं सांगितलं."

मला भीती वाटली. उघड सांगतो, इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. शेखमास्तर ओठांत काहीतरी पुटपुटत होते. दामले मास्तरांनी एवढंच विचारलं, "पुढचा सामना कधी आहे?"

*

पुढचा सामना तळेगावशी होता. सकाळी आमचा कॅप्टन शाळेत आला, खुशीत. "सर, दगडूचं नाव पार पसरलंय! काल बाजारात एक घोंगडीवाला पाव्हणा विचारत होता, तुमचा दगडू कुठल्या नंबरानं खेळतो? मी सांगितलं, नऊ!"

बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याला काय माहीत? पण शेखमास्तरांनी हातातली गुणांची वही मिटून ठेवली.

"पोराला आज घरी ठेवू," मी म्हणालो.

"घरी?" दामले मास्तर म्हणाले. "आधीचे दोघे कुठून गेले? घरातूनच ना?"

ते उठले. कपाटातून बूटपॉलिशची काळी डबी काढली, एक ब्लेड घेतलं, पाचही पोरांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आम्हाला आत येऊ दिलं नाही.

सामन्याच्या वेळी दार उघडलं आणि पोरं ओळीनं बाहेर पडली. नऊ. नऊ. नऊ. नऊ. नऊ. एका शर्टावर शिवलेला, बाकीच्यांवर बोटानं काढलेला; आणि शिवलेला शर्ट मास्तरांनी दगडूला नव्हे, दुसऱ्याच पोराला घातला होता. मास्तरांची बोटं काळी झाली होती. ज्या माणसानं बोटभर लोंबणाऱ्या शर्टासाठी पोरांना बाहेर काढलं होतं, तो पाच नऊ घेऊन मैदानात उतरला!

तळेगावचा कॅप्टन तावातावानं पुढं आला. "सर, यांच्या पाचही जणांना नऊ नंबर आहे!"

"दिसतंय मला."

"मग फाउल कुणाला देणार?"

"नऊला. खेळा!"

शेखमास्तरांनी टेबलावरून विचारलं, "गोल कुणाच्या नावावर लिहू?"

"नऊच्या!"

सामना सुरू झाला. कोण जिंकत होतं ते मला आठवत नाही. सखूबाई आज पोराला शोधत नव्हती. तिनं मुद्दाम मान खाली घातली होती, नजरेनं चुकून दाखवून देऊ नये म्हणून. मीही घड्याळाकडे बघत होतो. धुकं आलं, आणि तो रेघेपाशी उभा दिसला. आज वहाणा त्यानं आधीच काढल्या होत्या.

"नऊ नंबर," तो म्हणाला.

दामले मास्तरांनी खेळ थांबवला. पोरं ओळीत उभी राहिली, पाठ करून. "हे घ्या. नऊ."

तो ओळीमागून चालत गेला. एकेका पाठीपाशी थांबत होता. एका पोराच्या मागं तो फार वेळ थांबला. ते पोर कोण होतं ते मी बघितलं नाही. त्या पोराचा शर्ट मात्र वाऱ्यानं हलावा तसा हलला, आणि वारा नव्हता. मग तो पुढं गेला, शेवटपर्यंत गेला आणि परत फिरला.

"मास्तर, येक नंबर दोगांस्नी चालत न्हाई म्हनत्यात."

"बरोबर म्हणतात."

"मंग ह्ये नियमात बसतं व्हय?"

खोटं बोलणं दामले मास्तरांच्या रक्तात नव्हतं. कडी ओवलेली शिट्टीची दोरी त्यांनी मुठीत आवळून धरली.

"नाही बसत," ते म्हणाले.

"मंग?"

"मग हरकत घ्या. पण पंच तोंडी हरकत ऐकत नाही. लेखी द्यायची. खाली सही करायची."

शेखमास्तरांनी पेन्सिल पटकन टेबलाखाली टाकली. त्या माणसानं आपले दोन्ही तळहात उघडून बघितले. पहिल्यांदाच मला तो थकल्यासारखा वाटला.

"मला लिव्हता येत न्हाई, मास्तर."

"मग बाजूला व्हा," दामले मास्तर म्हणाले. "खेळ चालू आहे."

आणि तो बाजूला झाला.